संत अंतोननंतरचे दहा दिवस

बास्सानो, गुरुवार, २ मे

माझ्या धाकट्या ओलिंदोला,

थोरल्या बहिणीचे दोन्ही गालांवर मुके, आणि टक्कल पडलं असलं तरी डोक्यावर हात.

तुझा गुडघा कसा आहे? इथे सगळे बरे आहेत. माझं अक्षर अजून तिसरीतलंच आहे, त्याच्यापुढे शाळा झालीच नाही. नोएमी म्हणाली, "आजी, तू सांग, मी टाइप करते." मी म्हटलं, नको, हे मला एकटीलाच लिहायचंय. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि रिसीव्हर बायकोकडे देतोस. पत्र कुणाकडे देणार?

यंदा शतावरी अशी आलीय की विचारू नकोस. एप्रिलभर बेताचा पाऊस, बेताचं ऊन. सकाळी बघावं तर वरंब्यांना जिकडेतिकडे भेगा, खालून पांढरे कोंब माती फोडतायत. मला आता वाकून माती सारता येत नाही, कोंब कापता येत नाहीत, म्हणून शेडमध्ये बसून धुते आणि जुड्या बांधते. विलोच्या ओल्या काडीनंच बांधते. इव्हानो म्हणतो, "आई, रबर लाव, पटकन होईल." मी म्हटलं, रबर तुझ्या पायजम्याला लाव, पोट सुटलंय. माझा मुलगा साठीला टेकला तरी त्याला सगळं पटकन हवं असतं.

त्याची लेक तशी नाही. नोएमी पाडोवा शहरात शेतकी शिकली आणि परत आली, ओलिंदो, परत आली. मला अजून सकाळी उठल्यावर ते आठवतं आणि हसू येतं. स्वतःच्या हातानं तिनं वाफे लावलेत. बांधावरच्या वाफ्याला तीन वर्षं झाली, म्हणून यंदा पहिली कापणी. त्याच्या शेजारचा दोन वर्षांचा, त्याला अजून हात लावायचा नाही, हे तुला मी काय सांगू.

तर गेल्या रविवारी जेवायला बसलो. उकडलेली अंडी प्रत्येकानं आपापल्या ताटात कुस्करली, तेल, व्हिनेगर, वर शतावरी. नोएमीनं काटा खाली ठेवला.

"बाबा, दोन वर्षांच्या वाफ्यातली अख्खी ओळ मी कापली. धुक्यात चुकले. आपण आत्ता खातोय ती तीच."

इव्हानो लालबुंद. "कॉलेजात ओळी मोजायला शिकवलं नाही काय?"

"शिकवलं होतं. धुकं शिकवलं नव्हतं."

"त्या ओळीला आता पुढच्या वर्षीही हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"मीठ दे इकडे."

संपलं. एवढंच. त्यानं आणखी एक अंडं घेतलं. मी मात्र तोंडातला घास परत ताटात काढून ठेवला. सगळ्यांना वाटलं, कवळी सरकली.

मी कुठल्या गोष्टीभोवती फिरतेय ते तुझ्या लक्षात आलं असेल. दर मार्चला कामाला नवी माणसं येतात, त्यांना मी एक गोष्ट सांगते. संत अंतोनच्या दिवशी, तेरा जूनला, पातं पुसून खुंटीला टांगायचं. त्यानंतर एक कोंबही कापायचा नाही, झुडूप वाढू द्यायचं, तेव्हाच मुळात बळ भरतं. माझ्या भावानं पुढे दहा दिवस कापलं आणि बाबांचा बांधावरचा वाफा बसला, पुढच्या वसंतात विणायच्या सुयांएवढे कोंब आले. माणसं मान हलवतात, "अरेरे, तुमचा भाऊ." चाळीस वर्षं सांगतेय. नोएमी ही गोष्ट ऐकतच मोठी झाली.

ओलिंदो, ते दहा दिवस मी कापत होते.

बाबा पाय मोडून इस्पितळात होते. वाफा तुझ्यावर सोपवलेला, आणि तू पहाटे गळ घेऊन नदीवर. माझं तुल्योशी नुकतंच ठरलं होतं. संत अंतोनच्या दिवशी शेवटची जुडी मी त्याच्या आईकडे नेली. तिनं खाल्ली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "पोरीला बोलता येत नाही, पण शतावरी चांगली आणते. उद्याही आण." तिच्या तोंडून तोवर एक बरा शब्द मी ऐकला नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी नेली. मग रोजच "उद्याही आण."

पुढच्या एप्रिलला बाबा काठी टेकत वाफ्यावरून आले. मी माहेरी आले होते, पोटात इव्हानो. "गेल्या जूनमध्ये सकाळी कुठे असायचास?" त्यांनी तुला अंगणात विचारलं. नदी म्हणावं तरी मार, न म्हणावं तरी मार. तू गप्प राहिलास. त्यांनी तुझ्या थोबाडीत दिली. "या पोराच्या हाती जमीन देणार नाही." बाबा बोलले ते करायचे. जमीन मला आणि तुल्योला मिळाली. तू तोरिनोला गेलास, पस्तीस वर्षं गाड्यांना दारं बसवलीस. तेव्हा बोलले असते तर सासूबाई मला चोरटी म्हणाल्या असत्या. एवढंच कारण. याहून मोठं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

रविवारी मी जेवणाच्या टेबलावरच सगळं सांगितलं. इव्हानो उठून ट्रॅक्टर धुवायला गेला, तो सकाळीच धुतलेला होता. नोएमी म्हणाली, "आजी, आम्हाला सांगून काय उपयोग? त्यांना सांग."

तेरा जूनच्या आत ये. नोएमी स्टेशनवर गाडी घेऊन येईल, तुला तिचा वाफा दाखवायचाय. आला नाहीस तर मी कुणाकडे तक्रार करणार नाही. पण हे पत्र तुझ्या मुलांना वाचून दाखव. त्यांच्या बापानं काही बुडवलेलं नाही, हे त्यांना माझ्या अक्षरात कळू दे.

आणखी एक राहिलं. ते लिहायला रविवारपासून आजचा दिवस उजाडला.

सहाव्या की सातव्या सकाळी बांधावर एक सायकल थांबली. मी मान वर केली नाही, पण सावली पडली होती, पाठीला गळ लावलेली. तू बराच वेळ उभा होतास. मग चेन वाजू नये म्हणून सायकल उचलून घेऊन गेलास. आणि बाबा अंगणात विचारत होते तेव्हा तू स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलंस. मी कणीक लाटत होते. मीही पाहिलं तुझ्याकडे. आणि मग पुन्हा लाटायला लागले.

तुला माहीत होतं. तुला माहीत आहे, हे मलाही माहीत होतं. सत्तावन्न वर्षं.

खाली 'तुझी ताई' असं लिहीत नाही. ते तू म्हणालास तर.

जेल्मिना