जुळलेली रेघ

१७ मार्च, सोमवार

सकाळी ११.१० वाजता मला दिलेल्या स्टुलाचा एक पाय आखूड निघाला. लेखी कळवलं. ११.४० ला दुसरं स्टूल आलं. कागदावर मागितलं की जग हलतं, हे निवृत्तीनंतरही खरं आहे म्हणून बरं वाटलं.

बाकी सगळं छान. गडचिरोलीच्या पुढे, जंगलाला टेकलेलं एका ट्रस्टचं छोटं रुग्णालय. माझ्या खोलीला उत्तरेचा उजेड आहे आणि खिडकीत पळस. चहात साखर फार, पण माणसं अदबशीर. डॉ. राजदीप, इथले सर्जन, स्वतः माझी ट्रंक उचलायला आले. जंगलातल्या लढाईत सुरुंग पुरतात एकासाठी आणि पाय जातो भलत्याचाच. अशा जखमांवर त्यांना नव्या सर्जनांसाठी पुस्तक करायचं आहे. फोटोत नुसतं रक्त दिसतं. कातडी कुठे संपली, स्नायू कुठे फाटला, हाडाचा कोणता कोपरा उरला, हे चित्रच सांगतं. नागपुरात वैद्यकीय महाविद्यालयात मी जन्मभर तेच केलं. ते म्हणाले, देवतळे मॅडम, तुमच्यासारखं दुसरं कोणी नाही. खरंच आहे.

१८ मार्च

दुसरी आहे. नाव दामिनी, वरोऱ्याची. मोहर्लीला सफारीच्या जिप्सींवर वाघ रंगवायची. इथे भिंती रंगवायला आली आणि जखमा काढायला बसली.

तिची चित्रं पाहिली. कोपर बटाट्यासारखं. आणि एकाही जखमेची कड पुरी नाही. रेघ फिरत येते आणि जुळायच्या आधीच सोडून दिलेली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट अशा रेघेला पट्टी मारायच्या. मी विचारलं, हे असं अर्धवट का? च्युइंगम चघळत म्हणाली, "मीच बंद करून टाकली तं मंग जखम काय करन, मॅडमबाई?"

सगळा वॉर्ड हसला. ज्यांना हसताना टाके दुखतात तेसुद्धा.

२० मार्च

आज ताराबाई. पहाटे मोहफुलं वेचायला गेल्या आणि जवळच सुरुंग उडाला. डाव्या पोटरीला मोठी जखम, उजव्या दंडाला लहान. पोटरी मला, दंड दामिनीला. त्यांचं एकच पालुपद, मोह संपायच्या आत घरी जायचं.

चार तास बसले. कडेला चिकटलेला गॉजचा एक धागासुद्धा सोडला नाही. शेवटी कड एका दमात फिरवून जुळवली. डॉक्टरांनी चित्र खिडकीशी नेऊन पाहिलं. दामिनीने अर्ध्या तासात उरकलं, तेही ताराबाईंशी गप्पा मारत. दोघी कशाला तरी हसत होत्या. माझ्यासमोर बसून कोणी हसलेलं मला आठवत नाही. कामाच्या वेळी हसू नयेच.

२६ मार्च

ताराबाईंचा दंड भरत आला. पोटरी तशीच.

तशीच म्हणजे, मी चित्र शेजारी धरून पाहिलं. जखम रोज धुतात, पट्टी बदलतात, तरी तो गॉजचा धागा त्याच जागी आहे. काढला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. डॉक्टर म्हणतात, पू नाही, ताप नाही, जखम आजच झाल्यासारखी ताजी. ज्यांच्या जखमा मी काढल्या, त्या बाकीच्यांचंही तेच. मी म्हटलं, निदान चित्रं अचूक आहेत हे तरी ठरलं. डॉक्टर पट्टी बांधायला वळले.

ताराबाईंनी माझा हात धरला. "तुमी लय खरं काढता, बाई. पाय बी दामिनीकडूनच काढून घेऊ द्या मले."

मी हात सोडवून घेतला.

२८ मार्च, शुक्रवार

दुपारी ३.१० वाजता, सर्वांदेखत, डॉ. राजदीप यांनी मला चित्रं थांबवायला सांगितलं. पुस्तकात दामिनीचीच जातील. कारण विचारलं, तर म्हणाले, डॉक्टर म्हणून ते कारण उच्चारायची मला लाज वाटते. मी लेखी मागितलं. दिलं नाही.

नंतर चित्रांच्या खोलीत कोणी नव्हतं. तिचा गठ्ठा टेबलावरच. पुस्तकात जायचीच आहेत तर निदान पुरी तरी असावीत. माझी टूएच पेन्सिल घेतली आणि एकेका जखमेची रेघ जुळवून दिली. बाई वही तपासते तसं. कित्येक दिवसांनी हात इतका स्थिर होता.

२९ मार्च

सकाळी वॉर्डात ओरडा. ताराबाईंचा दंड उघडला आहे.

पण ही पूर्वीची जखम नाही. ती मी पाहिली होती, निमुळती, सरळ. ही वेडीवाकडी, एका बाजूला फुगलेली. दामिनीला चित्रात जमली नव्हती, तशी. बटाट्यासारखी. पलीकडच्या खाटेवरही. त्याच्या पलीकडेही —

धावत जाऊन खोडरबर घेतलं. टूएच कागदात रुतते, जात नाही. ताराबाईंच्या चित्रावर जोरात घासलं. वॉर्डात त्या किंचाळल्या. थांबले. त्याही थांबल्या. पुन्हा घासलं. पुन्हा —

३१ मार्च

दामिनीने ब्लेड घेऊन प्रत्येक रेघ एका जागी खरवडली. तिच्या चित्रांवरची आणि, मला न विचारता, माझ्याही. माझ्या चित्राला आजवर कोणी ब्लेड लावलं नव्हतं.

दंड मिटतो आहे. पोटरीही. धागा गळून पडला. सगळे तिच्याभोवती.

रेघा कोणी जुळवल्या ते तिला ठाऊक आहे. टूएच इथे दुसरं कोण वापरतं? तिने कोणालाच सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

१ एप्रिल

पेन्सिल तासताना डावा अंगठा कापला. एवढासा. दामिनी धावत आली. "द्या हात, मॅडमबाई, मी काढते. लवकर मिटन."

जिप्सीवाली माझा अंगठा काढणार. मी दार लावून घेतलं.

मीच काढला. चित्राने काही होत नसतं हे डॉक्टरांना दाखवायचंच आहे. कातडी, खालची चरबी, कडेला टपोरा थेंब. कड एका दमात जुळवली. जन्मात इतकं चांगलं काढलं नव्हतं. ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं, तिचं ब्लेड पोचू नये म्हणून. किल्ली गळ्यात.

३ एप्रिल

रक्त थांबत नाही. थेंब चित्रात आहे तिथेच. पुसला की परत तिथेच. डॉक्टरांनी टाके घातले — सकाळी टाके उशीवर.

ताराबाई घरी गेल्या. चालत. जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, "किल्ली देऊन टाका तिले, बाई."

दामिनी दाराबाहेर बसून आहे. जेवायलाही उठली नाही. माझ्यासाठी — तिला कोणी सांगितलं होतं —

४ एप्रिल

डॉ. राजदीप यांस. दोघींपैकी बरोबर चित्र कोणाचं, एवढंच कळवावं. उद्या शनिवार, ५ एप्रिल, सायंकाळी पाचच्या आत. लेखी. तोंडी चालणार नाही.

ट्रंक उघडली आहे. ब्लेड हातात. केसाएवढं खरवडलं तर —

पण रेघ बरोबर आहे. बरोबर रेघ मी का —

भिजलेली चादर बदलून झाली. दुसरीही. दामिनी दार वाजवते आहे. नाव घेऊन हाक मारते, कुंदाबाई म्हणून. इथे कोणी कधी —

पाचच्या आत. लेखी. तिचं की मा