घडी करणाऱ्याची उडी

२० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो की मी ठीक आहे. इथे व्यसनमुक्ती केंद्रात नव्वद दिवस फोन नाही. नवा माणूस आला की आधी हा नियम सांगतात आणि मग हातात कागद देतात. आम्ही सगळेच फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळे हुकूम आला की हात आपोआप चालतो. गोळ्या मात्र हुकमानं सुटत नाहीत, हे पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाला कळतं.

त्या आठवड्याबद्दल लिहीत नाही. हाडांतून कुणीतरी चालतंय असं वाटायचं, एवढंच. आता मला धुलाईघरात काम दिलंय. खूप उंच छत, वर काचा, खाली वाफ. धुतलेल्या चादरी दोरांनी पार छतापर्यंत ओढून घेतात. पहिल्या दिवशी मान वर केली आणि मी तसाच उभा राहिलो. आमच्या युनिटमध्ये पॅराशूट वाळवायचा मनोरा होता, तुला सांगितलं होतं बघ. त्यात पॅराशूटं अशीच लटकायची आणि वारा नसतानाही हलायची. मला क्षणभर कळेना, मी आत्ताचा आहे की दहा वर्षांपूर्वीचा. माझ्या जोडीला एक पाणबुडीवाला आहे. अठरा वर्षं पाण्याखाली काढल्यामुळे त्याला इतक्या उंच छताची धास्ती वाटते. तो खाली बघून काम करतो, मी वर बघून. आमचं छान जमतं. माझ्या घड्या बघून सगळे मला घडीमास्तर म्हणायला लागलेत.

स्वप्नं फार पडतात. आमच्या समुपदेशक बाई म्हणतात की अंगातलं औषध उतरलं की स्वप्नं परत येतातच. जेवणानंतर जरा पडलो की आपला जिना दिसतो. पायऱ्या कापडाच्या असतात, पाय ठेवला की हळूच आत जातो, आणि मी कितीही चढलो तरी दार तेवढंच लांब राहतं.

अण्णा कसे आहेत? त्यांचा खुबा अजून तसाच दुखतो का? डॉक्टरांनी गोळी तीच ठेवलीय का? हे मात्र नक्की कळव. बाईंनी मला एक पत्र लिहायला सांगितलंय, ते टाळायचं म्हणून हे लिहिलं. ३ फेब्रुवारीला सुटका, मग घरी. बाहेरच्या खोलीतल्या माझ्या खाटेवर पुस्तकं रचून ठेवू नकोस.

माया आहे ती असू दे, रागासकट चालेल.

तुझा,
धाकटा


२८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा नुसतं अक्षर लावण्यातच वेळ गेला. पाणबुडीवाल्याला माझा नमस्कार सांग आणि तुझ्याकडे लक्ष ठेवायला सांग.

वाचनालयात सध्या जुन्या नकाशांची बांधणी चालू आहे. दिवसभर माझ्या टेबलावर समुद्र पसरलेला असतो आणि मी त्याच्या फाटक्या कडा चिकटवत बसते. परवा दुपारी खळ वाळायची वाट बघता बघता डोळा लागला, तर गालावर एक बेट उमटलं. मी तशीच बसमधून घरी आले.

आता खरी बातमी. अण्णा चालायला लागले! तू गेलास आणि पंधरा दिवसांत त्यांच्या तोंडावरचा पीळ सुटला. आधी खिडकीपर्यंत गेले, मग स्वयंपाकघरापर्यंत, आता दिवसातून दोन फेऱ्या मारतात. गोळी तीच आहे, बाटलीही तशीच. डॉक्टर म्हणाले, कधी कधी शरीर उशिरा ऐकतं. मी तर म्हणते, तुझ्या घोरण्यानंच त्यांचा खुबा दुखत होता.

मला मात्र थोडं लागलंय. अण्णा जिन्यावरून पडल्यापासून दोन वर्षं मी या माणसाला किती बोलले. एवढी कडक गोळी चालू आहे, मग कण्हता कसले, मनच घट्ट करत नाही तुम्ही, असं तोंडावर सुनवायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाईसुद्धा, हे प्रयत्नच करत नाहीत म्हणून यायच्या थांबल्या. अण्णा ऐकून घ्यायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. एक्केचाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते, हजारो लोकांना गोळ्या वेळेवर घ्या म्हणून दम दिलेला माणूस, आणि स्वतःच्या दुखण्याबद्दल एक शब्द काढत नव्हता.

तुझं पत्र मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, पुढचीही दाखवीन. बाईंनी सांगितलेलं पत्र लिहून टाक. टाळण्यात तू लहानपणापासून पटाईत आहेस.

खात जा, आणि आमची आठवण ठेव.

ताई


६ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे ते पत्र. अण्णांना मोठ्यानं वाचू नकोस, आधी एकटी वाच.

आमच्याकडे एक नियम होता. पॅराशूटची घडी ज्यानं केली त्यानं कार्डावर सही करायची. आणि साहेब केव्हाही येऊन रचून ठेवलेल्यांपैकी एकावर बोट ठेवायचे, की हे तू घाल. मग आपणच घडी केलेलं पॅराशूट पाठीला बांधून आपणच उडी मारायची. त्यामुळे कुणाच्या हातून कधी दोरी चुकली नाही. माझ्याच घड्यांवर मी बासष्ट उड्या मारल्या. शेवटच्या वेळीही पॅराशूट नीटच उघडलं होतं, खालची जमीन वाईट निघाली. पाठ गेली, आणि पाठीसाठी दिलेल्या गोळ्या राहिल्या. डॉक्टरांनी त्या बंद केल्यावर मी कुठून मिळवायचो, हे तू कधी विचारलं नाहीस.

ताई, मी अण्णांच्या घेत होतो. त्यांच्या बाटलीत तशाच दिसणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या भरून ठेवायचो. कपाटाची किल्ली तू सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवायचीस, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोन वर्षं त्यांच्या पोटात दुखणं थांबवणारं काही गेलंच नाही. मी इथे आलो, नंतर आणलेल्या बाटलीला माझा हात लागला नाही आणि त्यांना त्यांची गोळी मिळायला लागली, म्हणून ते चालतायत. त्यांच्या शरीराचा यात काही दोष नव्हता.

घडी मी केली आणि उडी त्यांनी मारली. रोज दोनदा.

ते कण्हायचे तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पडलेला असायचो. ते कण्हणं मला फार लांबून, पाण्यावरून यावं तसं ऐकू यायचं. मला ते गोड वाटायचं. आता इथे दुपारी चादरी हलायला लागल्या की तोच आवाज येतो, पण आता तो जसा होता तसा येतो.

तू त्यांना जे बोललीस ते माझ्यामुळे बोललीस. ते शब्द माझे समज. तू स्वतःला लावून घेऊ नकोस.

लोभ ठेव असं लिहायचा मला हक्क नाही.

धाकटा


३० डिसेंबर

धाकट्यास,

आशीर्वाद लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतंच नाव.

तीन आठवडे लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. अख्खा नकाशा मी उलटा चिकटवला. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मोडक्या हाडाच्या माणसाला मी मनाचा कच्चा म्हटलं, आणि एकदा आळशी म्हटलं. ते शब्द माझे समज, असं तू म्हणतोस, पण तोंड माझं होतं. ते तुला देऊन टाकता येत नाही. तुझा मला इतका राग आला आहे की तू समोर नाहीस हे बरं झालं.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही. धाकट्याचं पत्र का नाही, असं रोज विचारतात.

त्यात तुमच्या बाईंचं पत्र आलं. तू ज्या घरी जाशील त्या घरात तसली एकही गोळी असता कामा नये, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. आणि डॉक्टर म्हणतात, अण्णांना गोळी निदान वर्षभर लागेल, ती थांबली तर चालणंही थांबेल. त्यांना गोळी हवी आणि तुला गोळी नसलेलं घर हवं. आपल्याकडे घर एकच आहे. कुलपाचा विचार केला होता. पण दोन वर्षं ती बाटली कुलपातच होती.

मला काही सुचत नाही. पत्र लिहीत जा. रागावले असले तरी वाचते.

ताई


११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

(आशीर्वाद अण्णांनी लिहायला लावले. लिहिलेच आहेत तर आता खोडत नाही.)

अण्णांनी सरळ विचारलं की कुठलं पत्र माझ्यापासून लपवलं आहेस. मी देऊन टाकलं. ते भिंग घेऊन खिडकीत बसले, तासभर वाचत होते. बाहेर धुकं होतं, खोलीत सगळं दुधासारखं पांढरं झालेलं, आणि त्यात फक्त ते भिंग ओळीवरून सरकताना दिसत होतं. मग त्यांनी पत्र घडी करून परत दिलं आणि म्हणाले की हे मला पहिल्या गोळीपासून माहीत आहे. खरी गोळी जिभेला कडू लागते आणि ही खडूसारखी लागली. आयुष्यभर गोळ्या हाताळलेल्या माणसाला तू गोळी बदलून देत होतास, धाकट्या. मी मात्र सुरुवातीपासून फसले.

गप्प का राहिलात, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं. तर म्हणाले, बोललो असतो तर पोरगा घर सोडून गेला असता. निदान डोळ्यांसमोर तरी होता.

पुढचं ऐक. तुमच्या बाईंचं पत्रही त्यांनी मागून घेऊन वाचलं आणि त्या दिवसापासून गोळी बंद केली आहे. बाटली रिकामी करून टाक म्हणतात, ३ तारखेला घर स्वच्छ पाहिजे. फेऱ्या थांबल्या. परत खुर्चीत बसले आहेत, तोंडावर तोच पीळ. मी हात जोडले, रागावले, रडलेसुद्धा. ऐकत नाहीत. तुम्ही दोघं बापलेक एकमेकांसाठी मरायला टपलेले आणि मधे मी.

तुझ्या खाटेवर धुतलेली चादर घातली आहे. ती बघून मला आनंदही होतो आणि धडकीही भरते. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

जपून राहा.

ताई


१८ जानेवारी

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र ताईनं मोठ्यानं वाचावं, म्हणजे ते दोघांनाही एकदमच कळेल.

मी ३ तारखेला घरी येत नाही. धुलाईघरात मला कामावर ठेवून घ्यायला हे लोक तयार आहेत. वरच्या मजल्यावर एक खोली मिळते. खिडकी आतल्या बाजूला उघडते, म्हणजे सकाळी डोळे उघडले की समोर चादरी असतात. पाणबुडीवाला शेजारच्या खोलीत राहणार आहे. त्याच्या खोलीचं छत बुटकं आहे, त्यामुळे तो खूश आहे.

अण्णा, तुम्ही गोळी बंद केलीत हे वाचलं. मला घरी यायचं होतं. इतकं यायचं होतं की रोज स्वप्नात मी तो जिना चढायचो. पण तुम्ही कण्हत बसणार आणि त्या जागेत मी बरा होणार, म्हणजे पुन्हा मी तुमच्याच दुखण्यावर जगणार. पूर्वी चोरून जगलो, आता तुमच्या परवानगीनं, एवढाच फरक. आणि दुसरंही खरं सांगतो. गोळी घरात नसली तरी ती जिथे असायची ते कपाट आहे. माझा अजून माझ्यावर भरवसा नाही. कधी बसेल ते बाईंनाही माहीत नाही.

या वेळची उडी मला मारू द्या. तुम्ही गोळी घ्या. आजच घ्या, हे ऐकून झालं की लगेच. दुसरं काही मागत नाही.

ताई, खाटेवर आता खुशाल पुस्तकं रच. रागावून रचलीस तरी चालेल.

पायांवर डोकं ठेवतो. दोघांचा लोभ मागायला आज मन धजतंय.

तुमचा,
धाकटा


२७ जानेवारी

चिरंजीव धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे ताईला सांगून लिहवून घेणार होतो, पण स्वतःच लिहायला हवं. भिंग एका हातात आहे, ओळी वरखाली होतील.

पत्र ऐकून झालं आणि गोळी घेतली. मुलाचं ऐकायची सवय नाही, जड गेलं. दोन दिवसांत उठलो. चव कडू आहे, अगदी हवी तशी.

तुझी चूक तू लिहिलीस, आता माझी लिहितो. दवाखान्यात चुकीची पुडी गेली असं वाटलं तर मी रस्त्यात धावत जाऊन ती परत आणायचो. घरात मात्र दोन वर्षं बघत राहिलो आणि त्याला माया म्हणत राहिलो. ती माया नव्हती. तू निघून जाशील अशी भीती होती. मी पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतं तर तू दोन वर्षं आधी बरा व्हायला लागला असतास. तुझी ती दोन वर्षं माझ्यामुळे गेली. बापानं मुलाची माफी मागायची आपल्या घरात पद्धत नाही. मी मागतो आहे.

दुपारी अलीकडे छान डोळा लागतो. काल स्वप्नात तू खिडकीखालून चालत जाताना दिसलास, पाठीला सामान होतं. मी हाक मारली नाही. तुझी चाल चांगली होती, ती बघत राहिलो.

तू घरी येत नाहीस हे बरोबर आहे. ताईला अजून पटलेलं नाही, तिला वेळ दे. तिच्या बोलण्याचं मला वाईट वाटलं नव्हतं हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

येत्या रविवारी आम्ही येतो. ताई फाटकापर्यंत गाडी करू म्हणत होती, मी नको म्हटलं. बस तुमच्या फाटकापासून तीनशे पावलांवर थांबते असं तुमच्या बाईंनी कळवलंय. घरात सध्या माझी ऐंशी होतात. वाटेत दोन बाक आहेत म्हणे. तू धरायला पुढे येऊ नकोस. फाटकातच उभा राहा. मला कुठवर यायचं आहे ते समोर दिसलं पाहिजे.

बाकी भेटीअंती.

अण्णा