कांदा पडायच्या आधीची वाटी

प्रिय तात्या,

हात धुवायलासुद्धा थांबलो नाही, तसाच बसलोय लिहायला. कागदाला मटणाचा वास लागेल. लागू दे, तुम्हांला चालतंय! घरात आत्ता जे झालं ते सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं नाही. शेजारी सांगावं तर ते म्हणणार, कुत्र्याच्या खाण्याची गोष्ट ती काय आणि तू नाचतोयस किती! त्यांना काय कळणार? ज्याला कळलं असतं तो माणूस तुम्ही, म्हणून तुम्हांलाच लिहितोय.

पहिल्यापासनं सांगतो. मधे भरकटलो तर रागावू नका. भरकटतो म्हणून तर तुम्ही मला 'वडाप' म्हणायचा. त्या वडापच्या जीपसारखा हात दाखवील तिथं थांबणार, दिसंल त्याला आत घेणार, आणि ठरल्या ठिकाणी कधीच वेळेवर पोचणार नाही!

गुल्या आपल्या घरी आला ते आठवतंय? मी नववी नापास होऊन तुमच्या उचगावच्या घरात तोंड लपवून बसलो होतो. तुम्ही चैत्राची यात्रा करून जोतिबावरनं आला आणि तुमच्या सदऱ्यात काहीतरी वळवळत होतं. पांढरं पिल्लू, पण गुलालानं असं माखलेलं, की काकी ओरडली, "आवं, ह्यो कुठला रंग उचलून आणलासा?" दोनदा धुतलं तरी कान गुलाबीच. म्हणून गुल्या. तुमच्या घरात पोर म्हणजे मी, आणि मी कधी घरात नाही. मग गुल्याच पोर झाला की हो!

आणि रविवारची ती वाटी! आपल्याकडं मटणात तिखट पडायच्या आधी अळणी काढतात. हळदीमिठाचं ते पिवळं पातळ पाणी आधी लहान पोरांना, म्हाताऱ्यांना, आजाऱ्याला. तुमच्या घरी मात्र पहिली वाटी गुल्याची. मी ताटावर ताटकळत बसलेला असायचो आणि तुम्ही वाटी फुंकत फुंकत बाहेर निघालेले. "तात्या, मी माणूस हाय की!" म्हटलं तर म्हणायचा, "तू कधी येतोस आन् कधी जातोस. त्यो रोज असतोय."

तुम्ही गेलात ते मला कारवारच्या एका हॉटेलात फोनवर कळलं. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. याबद्दल आज लिहीत नाही, लिहायला गेलो तर पुढचं राहील.

घरात आलो तर गुल्या तुमच्या खाटेखाली. भाकरी तशीच, दूध तसंच, वर माश्या. काकी भिंतीला टेकून. मला बघून एवढंच म्हणाली, "तुला जायाचं आसंल तर जा बाबा, मी धरून ठिवत न्हाई. पर त्या मुक्याला दोन घास खायाला लाव आन् मग जा."

मी सगळं करून बघितलं. बिस्कीट, कडक बटर, चहात बुडवलेली खारी. तुम्ही द्यायचा ना ती! नाही म्हणजे नाही.

मग दुखवटा काढायला पावणं आले. घरात इतक्या दिवसांनी मटण शिजलं. अळणी निघाल्याबरोबर काकी उठली, वाटी भरली आणि खाटेखाली सरकवली. तळाचा मऊ कांदा त्याला आवडतो म्हणून चमच्यानं तोच जास्त काढला. आणि तात्या, गुल्या प्याला! वाटी चाटूनपुसून! काकी रडली, मी रडलो. कबनूरहून आलेला काकीचा भाऊ, आपला शिवामामा, तोसुद्धा उपरण्यात नाक शिंकरत म्हणाला, "दाजींच्या नावानं एक वाटी माजीबी!" मग काय! ज्यानं त्यानं आपल्या वाटणीची अळणी उचलली. तात्याच्या नावानं ही एक, तात्याच्या नावानं ही एक. कुणी नळी घातली, कुणी कांदा. गुल्या पीत होता आणि सगळं घर हसत रडत होतं. तुमच्या नावाचा एवढा मोठा घास कावळ्यालासुद्धा कुणी घातला नव्हता.

तीन-चार दिवसांनी तो उठेना. तोंड उघडून बघितलं तर हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. लघवी काळ्या चहासारखी. मी तुमची एम-एटी काढली, काकी मागं बसली, मांडीवर गुल्या. उचगावपासनं कोल्हापुरातल्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत एकही खड्डा मी चुकवला नाही आणि काकीनं पाठीत एकही गुद्दा चुकवला नाही.

डॉक्टरीणबाई तरणी, गडहिंग्लजकडची, तोंडानं फटकळ. हिरडी दाबून बघितली आणि विचारलं, "काय खायला घातलंसा?"

"कायबी न्हाई ओ म्याडम. नुसती अळणी," काकी म्हणाली.

"त्यात काय काय घालता?"

"हळद. मीठ. आलं."

"आणि?"

"लसूण आन् कांदा. त्याबिगर अळणी हुतीया व्हय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती वाट्या प्याला?"

काकीनं माझ्याकडं बघितलं. मी एकेका पावण्याचं नाव घेत बोटं मोजायला लागलो आणि बोटं संपली.

"कांदा-लसूण कुत्र्याला इख हाय, मावशी. कच्चा असो, शिजलेला असो, वाळवून मसाल्यात घातलेला असो. आतल्या आत रक्त फुटतंय त्यानं."

"आवं, पर आजाऱ्याला देतो की आमी! बाळंतिणीला देतो!"

"बाळंतिणीला द्या. ह्याला न्हाई."

"हे दर ऐतवारी द्यायचे त्याला. इतकी वर्सं!"

"एखादी वाटी सोसत आला असंल. परवा सगळ्या पावण्यांनी मिळून पाजलं नव्हं!"

बघा तात्या! बाकी कुठल्या गावात हे झालं असतं? माया दाखवायची म्हटली की आपल्याला वाटीच दिसते. आणि तुम्हीसुद्धा! नळी द्यायचा त्याला! शिजलेल्या हाडाच्या चिपा होतात आणि आतडं फाडतात, बाई सांगत होत्या. चहासुद्धा नाही चालत. तुमचं नशीब म्हणू का गुल्याचं?

परत आलो. काकी घराच्या दारात उतरली तेव्हा म्हणाली, "म्हंजे ह्यांच्या नावानं मीच त्याला..." त्या दिवसापासनं तिनं गुल्याच्या ताटाला हात लावला नाही. "तू घाल. माज्या हातचं नको त्याला." स्वतःचं ताटही घेईना. उभ्या उभ्या अर्धी भाकरी चहाबरोबर, झालं जेवण. मला दोघांची काळजी वाटायला लागली. तुमच्यामागं आणखी दोघं जातात की काय?

सुई, सलाईन चालू होतं. पण खायला काय घालायचं? बाईंनी तोंडी सांगितलं, आणि ज्याला बाराचा पाढा जन्मात आला नाही त्या मी ते एका दमात पाठ केलं. साधा भात मऊ, वर काही नाही. उकडलेलं अंडं. लाल भोपळा उकडून, गाजर, रताळं, घेवड्याच्या शेंगा, सगळं नुसत्या पाण्यात. दही पचलं तर चमचाभर. द्राक्षं आणि बेदाणे चुकूनसुद्धा नाही, चॉकलेट नाही. तासगावला बेदाण्याच्या शेडवर मी एक हंगाम काढलाय, तिथला मुकादम झोपेत बोलायचा... असो, भरकटलो.

आणि कांदा-लसणाशिवायचं जेवण कोल्हापुरात शोधायचं म्हणजे काय गंमत आहे का! चटणीत तोच, आमटीत तोच, भडंगातसुद्धा लसूण! आपल्या घरात त्या दोघांशिवाय फक्त पाणी निघतं. मी एक पातेलं वेगळं केलं, पळी वेगळी केली. शिवामामा बघायला आला आणि दारातनंच सुरू झाला, "काय रं दिल्या, कुत्र्यानं चातुर्मास धरला व्हय? कांदा न्हाई, लसूण न्हाई!"

"जन्मभराचा धरलाय मामा."

"मग एकादशीबी करतोय का बघ!"

हसला खरा, पण जाताना गुल्याजवळ बसून हळूच म्हणाला, "चुकलं बाबा. मला वाटलं तुला बरं वाटंल." कुत्र्याची माफी मागणारा मामा मी पहिल्यांदा बघितला.

आणि खाणं सुरू झालं, तात्या! पहिल्या दिवशी भात नुसता हुंगला. दुसऱ्या दिवशी अंड्याचा पिवळा भाग. रताळं दिलं तर नेऊन परड्यात पुरलं, वर माती ओढली, आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ते चोरणार आहे! गाजर मात्र कडाकडा. आणि लाल भोपळा! भोपळा! आपण दोघं ज्या भाजीवरनं ताट सोडून उठायचो ती! ताटली चाटत चाटत त्यानं पार दारापर्यंत ढकलत नेली. काल मी त्याच्यासाठी पपईच्या बिया वेचून काढत होतो. स्वतःसाठी मी कधी बी काढली नाही, कलिंगडाचीसुद्धा गिळतो. हिरड्यांना जरा जरा रंग यायला लागला. तो दिसला की मला गल्लीत ओरडत सुटावंसं वाटायचं.

पण काकी? ती उंबऱ्यात बसून बघायची. मी "ये की जवळ" म्हटलं की पदर सावरून आत जायची. गुल्या खाताना मधेच मान वर करून तिच्याकडं बघायचा आणि अर्धं टाकून द्यायचा. रोज अर्धं. भोपळासुद्धा शेवटी अर्धाच! तेव्हा मला कळलं, हे काही भोपळ्यानं सुटणारं नाही.

काल बाई म्हणाल्या, "आता थोडं मटण द्या. हाड काढून, नुसत्या पाण्यात उकडून." मी आज सकाळी जाऊन घेऊन आलो. काकीपुढं ठेवलं. म्हणाली, "तूच शिजव."

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हॉटेलात भांडी घासली, मला शिजवता कुठं येतंय? चूल पेटवली, पातेलं ठेवलं, मटण टाकलं, पाणी ओतलं. आणि तात्या, विश्वास ठेवा, माझ्या मनात काही नव्हतं. हात आपोआप टोपलीकडं गेला. मटण म्हटलं की आपल्याकडं हात तिकडंच जातो. कांदा उचलला, विळीवर धरला...

"आरं ए! ठेव त्यो कांदा खाली!"

उंबऱ्यातनं काकी अशी आली की मला वाटलं गुल्याच झेपावला! कांदा हिसकावला आणि दाराबाहेर भिरकावला.

"मारतोस काय त्याला? डोस्कं कुठं गहाण टाकलंयस? सर तिकडं! आन् पाणी किती वतलंयस, आंघोळ घालायची हाय व्हय कुत्र्याला?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा खणखणीत आवाज! मला शिव्या बसत होत्या आणि मी हसत होतो. मग तिनं पदर खोचला. पाणी कमी केलं, जाळ बारीक केला. शिजलं, तसं एकेक तुकडा बोटांनी दाबून हाड शोधत बसली. मी मधे बोट घातलं तर पळी मारली. वाटी भरली, निवू दिली. आणि स्वतः गेली, तात्या! स्वतः! त्याच्यापुढं बसली आणि म्हणाली, "खा रं माज्या बापा. ह्यात कायबी न्हाई. मी बघितलंय."

गुल्यानं तिचा हात चाटला. मग वाटी. सगळी! अर्धी नाही, सगळी! आणि आणखी पाहिजे म्हणून तिच्या मांडीवर पाय टाकला. काकी म्हणाली, "बास, पोटाला झेपंल एवढंच," आणि तसाच त्याचा पाय हातात धरून कितीतरी वेळ बसली.

मग आत आली. पातेल्यात उरलं होतं ते बघितलं आणि मला म्हणाली, "जा, त्यो कांदा शोधून आण. आपलं तर करूया." मी अंगणात रांगत कांदा शोधला! शेजारीण कुंपणावरनं विचारत होती, काय पडलं रं? काय सांगू तिला!

रस्सा झाला. काकी ताट घेऊन खाली बसली. खाली, मांडी घालून. एक भाकरी संपली, आणि टोपल्यातली दुसरी तिनं स्वतः घेतली. मी बघतोय असं दिसल्यावर म्हणाली, "काय बगतोस? जेव की!"

म्हणून हात न धुता लिहायला बसलो.

आता ऐका. इथनं पुढं या घरात मटणाला कांदा-लसूण लागायच्या आधी, नुसत्या पाण्यात शिजलेली वाटी निघणार आणि ती गुल्याची. तुमची रीत मोडत नाही, तात्या, थोडी अलीकडं ओढतोय. पावणं आले की मी स्वतः चुलीपाशी उभा राहणार, कुणी कितीही मायेनं आलं तरी अडवणार. आणि मी जाणार नाही असं खोटं वचन तुम्हांला देत नाही, तुम्ही मला ओळखता. पण ती दोघं पोटभर जेवल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी वेस ओलांडणार नाही. आज दोघं जेवली. उद्या सकाळी परत बघतो.

तुमचा,
दिल्या