आदेरितोच्या लग्नाची पँट

विन्याइश, ९ फेब्रुवारी १९७६

चि. आल्बेर्तिना हिस थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. यंदाचं डुक्कर चांगलं निघालं, सॉसेज चुलीवर धुरात टांगली आहेत. बर्फ पडला की बेल्मिरोंचा गुडघा कुरकुरतो आणि मग दिवसभर तेही कुरकुरतात.

आदेरितोचं पत्र आलं. लग्न मे महिन्यात, झुल्मिरा पोर्तोचीच म्हणून तिथंच, तुमच्या चर्चमध्ये. यात मला काही म्हणायचं नाही. पण शेवटी त्यानं लिहिलंय की कोट शिंप्याकडे टाकलाय आणि पँट मावशी शिवणार आहे. ते वाचून मी भांडी तशीच टाकून बसून राहिले. आपल्याकडे नवऱ्या मुलाची पँट त्याची आई शिवते, हे तुला मी सांगायला हवं का? दादाच्या लग्नात आईनं शिवली, बेल्मिरोंची माझ्या सासूबाईंनी. माझा एकच मुलगा. नोकरीसाठी म्हणून तुझ्याकडे राहतो, तुला दत्तक दिलेला नाही.

त्याला म्हणे समोर झिप हवी. बटणांची पँट आता म्हातारे घालतात, असं झुल्मिराचं मत. बरं. तुम्ही शहरातल्या. झिप कशी लावायची ते सविस्तर लिही, मी लावीन. आजवर मी बटणंच लावली, पण हात काही मोडलेले नाहीत.

पूर्वी होता तेवढा तरी लोभ राहू दे.

तुझी ताई
फेलिस्मिना

*

पोर्तो, १७ फेब्रुवारी १९७६

ती. सौ. फेलिस्मिनाताईस धाकटीचा सा. न.

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं, बसायचा धीर झाला नाही. अगं, मी काही मागून घेतलेलं नाही. सूप पिता पिता तोच म्हणाला, मावशी, तू कारखान्यात दिवसभर पँटच्या झिपाच तर लावतेस, मग माझ्याच पँटला का नको? आता याला नाही कसं म्हणायचं?

कॉन्व्हेंट आठवतं का गं? अनाथाश्रमातल्या मुलांच्या पँटी आपण शिवायचो. पाय शिवायचे, खिसे शिवायचे, आणि पुढची चीर आली की सिस्टर पिएदादे कापड हातातून काढून घ्यायच्या आणि खाली मान घालून शिंप्याकडे पाठवायच्या. मुलींनी त्या बाजूला बघायचं नाही. स्कर्टच्या कुशीतली झिप मात्र डोळे मिटून लावता आली पाहिजे. त्यांच्या पुण्याईनं आपण दोघी पन्नाशीपर्यंत पुढच्या झिपेत तशाच अडाणी राहिलो. माझा नवरा एउझेबियो गेल्यावर मी कारखान्यात लागले, तिथं माझ्या हाताखाली नेमकी तीच चीर आली.

खरं सांगते, हे पत्रात लिहून येणार नाही. आधी झिपेची एक बाजू खालच्या कापडाला टिपायची, मग चीर धावदोऱ्यानं बंद करायची, मग दुसरी बाजू फक्त आतल्या पट्टीला, आणि वरची गोलाई सगळ्यांत शेवटी. हे वाचून तुला कळेल, हाताला कळणार नाही. तू कापड पाठव, मी शिवते. लग्नात सांगू, आईनं शिवली म्हणून. कोण उलटून बघणार आहे?

आणि त्याची कंबर आता तुझ्या जुन्या मापाची राहिली नाही. माझ्या हातचं अंगी लागलंय.

भेटीपर्यंत आठवण असावी.

तुझी
आल्बेर्तिना

*

विन्याइश, २६ फेब्रुवारी १९७६

चि. आल्बेर्तिनास आशीर्वाद.

अंगी लागलंय हे वाचलं. लहानपणी तो माझं कोबीचं सूप दोनदा मागून घ्यायचा, ते कुठं गेलं असेल?

आईनं शिवली असं सांगायला मला तुझी परवानगी नको. शिवलेली असली तर सांगेन.

त्याच्या तपकिरी पँटचा गुडघा विरलाय असं त्यानं नाताळात सांगितलं होतं. ती बसबरोबर पाठव. ठिगळ माझ्यासारखं कुणी लावत नाही, निदान एवढं तरी कबूल करशील. बेल्मिरोंचा तुला नमस्कार. ते म्हणतात, दोघी मिळून त्या पोराला चड्डीवर लग्नाला उभं कराल.

फेलिस्मिना

*

पोर्तो, १५ मार्च १९७६

ती. ताईस सा. न. वि. वि.

तपकिरी पँट पोचली. ठिगळ असं लावलंस की मला ते बोटानं चाचपून शोधावं लागलं. कबूल.

पण ताई, गुडघा फाटला होता ना? मग झिप का उसवलीस? ही आमच्याच कारखान्यातली पँट, मशीनची टीप मला झोपेतही ओळखू येते. आणि आता तिथं हाताची उलटी टीप आहे, बारीक, एकसारखी, सिस्टर पिएदादेंनी पट्टी मारून शिकवलेली. जगात अशी टीप घालणाऱ्या आपण दोघीच उरलो असू, आणि मी घातलेली नाही. मी खूप हसले. मग हसू थांबलं. पुन्हा विचारायच्या ऐवजी तू चोरून शिकलीस. मी लिहून येणार नाही म्हटलं होतं म्हणूनच ना? शिकवायचं नव्हतंच मला, ताई. एवढी एक गोष्ट तुझ्याआधी माझ्या हाताला आली, ती मला कुणाला द्यायची नव्हती.

माझी पँट बेतून झाली आहे. करड्या लोकरीची. मी थांबणार नाही, आधीच सांगून ठेवते.

तुझी (कसलीही असली तरी तुझीच)
आल्बेर्तिना

*

विन्याइश, ६ एप्रिल १९७६

चि. आल्बेर्तिनास आशीर्वाद.

नेहमीच्या बसच्या ड्रायव्हरजवळ पुडकं दिलंय. आदेरितोच्या हातात दे, आधी स्वतः उघडून बघू नकोस. अर्थात तू बघशीलच.

हो, उसवली. मुलगा माझा, पँट त्याची, उसवायला कुणाची भीती? ती आतली बाजू वर करून मी मेजावर पसरली. पोटात काय दडलंय ते आतूनच दिसतं ना. शेजारी माझं काळं कापड सुलट मांडलं, आणि जिथं तिकडे पट्टी तिथं इकडे पट्टी, जिथं टीप तिथं टीप. दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा झिप अशी सरकली की चुलीपाशी बसलेल्या बेल्मिरोंनी मान वर केली. त्यांना घालून बघा म्हटलं तर म्हणाले, एकदा लग्न केलं तेवढं पुरे.

तुझी करडी झाली असेल. करडा रंग त्याला म्हातारा दाखवतो.

फेलिस्मिना

*

पोर्तो, १९ एप्रिल १९७६

ती. सौ. ताईस धाकटीचा नमस्कार.

ईस्टरच्या जेवणानंतर आदेरितोनं दोन्ही पँटी घालून पाहिल्या. झुल्मिराही होती. घडलं तसं लिहिते.

आधी माझी. करडी. नीट बसली, कुठं चुणी नाही. मग तुझी. ताई, झिप सुरेख लागली आहे, आमच्या मुकादमबाईनंही हात लावून पाहिली असती. पण ती उलट्या बाजूला मिटते. उलटं पसरून बघितलंस आणि सुलट मांडून उतरवलंस, मग डावं उजवीकडे जाणारच. त्याचा उजवा हात चाचपत राहिला, काही सापडेना. झुल्मिरा म्हणाली, ही तर माझ्या पँटसारखी, बायकांची. आणि हसली. मीही हसले, लपवत नाही. मला बरं वाटलं.

मग मी म्हटलं, आण इकडे, एका दुपारीत उसवून फिरवून देते, तुझ्या आईला कळणारही नाही. तर त्यानं झिपेवर हात ठेवला, लहान मूल खाऊवर ठेवतं तसा. म्हणाला, मावशी, हिला हात लावायचा नाही. कोटाखाली कुणाला दिसतंय? त्या दिवशी मी हीच घालणार. तुझी मी रोज घालीन.

मी माझी पँट घडी करून कपाटात ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पातेली घासली. तुला मुलगा आहे, ताई. मला वाटलं होतं, निदान त्याची एक पँट माझी असेल. सणाचं तुझ्याकडे आणि रोजचं माझ्याकडे, अशीच वाटणी व्हायची होती.

लग्नाच्या आधी चार दिवस ये. रागावले असले तरी खाट घालून ठेवते.

तुझी
आल्बेर्तिना

*

विन्याइश, २७ एप्रिल १९७६

चि. आल्बेर्तिना हिस अनेक आशीर्वाद.

उलट्या बाजूला मिटते हे वाचून मी झाकण लावलेल्या शिवणयंत्रापाशी बराच वेळ उभी राहिले. आणि तो हीच घालणार म्हणाला, हे वाचून मग बसले. बेल्मिरोंना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा.

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुझी ओळ टोचली. रोज घालीन म्हणाला तुला. सकाळी कामावर जाताना, संध्याकाळी तुझ्या जिन्यावरून चढताना, पाऊस, रविवार, सगळं. माझी संध्याकाळी उतरेल आणि झुल्मिरा ती डांबरगोळ्या घालून ठेवून देईल. तुझी अंगाला लागून मऊ पडेल. आणि तुला वाटतं की तू हरलीस. वाटणी बदलतेस का? नको, उत्तर देऊ नकोस. तू हो म्हटलंस तर मला काय करावं ते सुचणार नाही.

बुधवारच्या बसनं निघते. सॉसेज आणते. आल्यावर ती झिप मला पुन्हा दाखव, सुलट बाजूनं, हळूहळू, माझा हात तुझ्या हातात धरून. रोजची पँट कधीतरी फाटेलच, आणि तेव्हा ती आधी कुणाकडे येते ते बघू.

तुझ्यावर रागावूनही तुझीच असलेली,
ताई