आन्यासाठी आणलेलं झाड

१४ डिसेंबर
आणलं एकदाचं! ख्रिसमसचं खरंखुरं झाड. अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये बेचाळीस वर्षं काढली, पण घरात येऊ दिलं नव्हतं. वेद लहानपणी दर डिसेंबरला मागायचा, आमचं उत्तर ठरलेलं — "आपल्यात नसतं." आता त्याची आन्या येतेय सनीव्हेलहून, सहा वर्षांची, नाताळात पहिल्यांदाच. नातीला कोण नाही म्हणणार?

ताजं आहे का बघायला मी भेंडीसारखं फांदीचं टोक मोडून पाहिलं. चार झाडांचं! विकणारा धावत आला — पानांच्या सुया नुसत्या वाकवून बघायच्या म्हणे, मोडायच्या नाहीत. मोरेश्वर लांब जाऊन उभे, जसे काही माझे कोणीच नाहीत. नवरा म्हणे!

१५ डिसेंबर
खिडकीशी जागा एकच, तिथे देवघर. झाडाजवळ निरांजन नको, म्हणून देव किचनमध्ये हलवले. "झाडासाठी देव हलवलेस?" — मोरेश्वरांचा दोन तास अबोला. घर कसं छान शांत होतं.

१८ डिसेंबर
बुंधा ताजा कापून पाण्यात बसवलाय. पण काय पितं हो! सकाळी तांब्या, संध्याकाळी तांब्या.

२३ डिसेंबर
वेदचा फोन. आन्याला ताप, फ्लाइट कॅन्सल केली. आता तीन जानेवारीला येणार. "असू दे रे" म्हटलं आणि किचनमध्ये जाऊन रडले. मग डोळे पुसून झाडाला पाणी घातलं. तोवर टिकवायचंच!

२७ डिसेंबर
उष्णतेने वाळतं म्हणून हॉलचा हीटर कमी केला. मोरेश्वर माकडटोपी घालून बातम्या बघतात. "झाड जगेल गं. मी जाईन."

१ जानेवारी
सुई वाकवली — कट्‌! खाली सुयांचा सडा. एवढं पाणी घालूनसुद्धा! वाळलेलं झाड म्हणजे घरात सरपणच, आणि पोर शेजारच्या खोलीत झोपणार. नकोच. काढायचं म्हणून मीच म्हटलं. मोरेश्वरांनी उठून आधी हीटर वाढवला.

२ जानेवारी
दोघांनी ओढत नेऊन रस्त्याच्या कडेला टाकलं. परवा गाडी येऊन नेईल. आन्याला काय सांगू?

३ जानेवारी
आन्या धावत आली. "आजी, आय ॲम हंग्री!" झाडाचं नावसुद्धा नाही.

वेद मात्र आत येईचना. बघते तर बाहेर बर्फात, झाडापाशी. चाळिशीचा घोडा, फांदी हातात धरून डोळे पुसत होता.

"आई, हे आपलं होतं?"

"तुझंच होतं रे," म्हटलं.