बारीक आवाज आधी जातात

अण्णा, औरंगपुऱ्यातल्या वाचनालयातून ध्वनी आणि कान यांवरचं एक नवं पुस्तक आणलंय. हे गेल्यापासून दुपारी मोठ्या वाटायला लागल्या, तशी मी वाचायला लागले. आता हाताला लागेल ते वाचते. या पुस्तकात लष्करी संशोधनावर एक प्रकरण आहे. तोफेजवळ राहून जवानांच्या कानांचं काय होतं, ते त्यात सांगितलंय. कानात बोळे घातले तर हुकूम ऐकू येत नाही, म्हणून कितीतरी जण ते काढून ठेवतात. हे वाचलं आणि तुम्हीच समोर आलात. चिकलठाण्याच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर उभे आणि कानातला कापूस शर्टाच्या खिशात. "पत्र्यावर डाय नीट बसली का नाय, ते कानालाच कळतं," म्हणायचात.

पुढं लिहिलंय, कारखान्यातल्या कानांचंही तसंच होतं. बारीक आवाज आधी जातात. पाखरांचे, लेकरांचे, बायकांचे. जाड आवाज मागं राहतात. म्हणून माणूस बहिरा झालाय हे घरात कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आपल्याही नाही आलं. गल्लीत ट्रक वळला की तुम्हाला कळायचं, शेजारच्या काकांच्या हाकेला तुम्ही ओ द्यायचात. माय म्हणायची, "गड्यांचं बरोबर ऐकू येतं, बायकोचं तेवढं नाय." रविवारी तुमच्या प्रेसवरचे सिल्लोडचे चाचा यायचे. तुम्ही दोघं ओट्यावर बसून हातानंच बोलता आहात, मशीनवर बोलायचात तसं. मशीन बंद कर, साहेब येतोय, चहा. सगळी गल्ली शांत आणि तुमचे हात चाललेत. माय चहा ठेवताना म्हणते, "घरात तरी तोंड उघडा की." चाचा हसतात, "भाभी, तोंडाला रविवारची सुट्टी है." त्या खुणा आम्हा पोरांनाही यायच्या. जेवण, पाणी, थांब. पण मला जे विचारायचं होतं, त्याला तुमच्या कारखान्यात खूण नव्हती.

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यातली गोष्ट. तुम्ही ओट्यापाशी सायकल पुसत होता. मी म्हणाले, "अण्णा, मला कॉलेजात जायचंय." तुम्ही म्हणालात, "व्हय." मी उड्या मारत आत गेले. माय भाकरी थापत होती. "त्यांचं व्हय काय धरून बसतीस? ते समद्यालाच व्हय म्हणतात," म्हणाली. दिवाळीनंतर दौलताबादचं स्थळ आलं आणि लग्न ठरलं. मी पुन्हा विचारलं नाही. शब्द देऊन फिरलेल्या माणसाला काय विचारायचं, असं वाटलं. संसार चांगला झाला, हे माणूस म्हणून सोन्यासारखे होते. तरी मी माहेरी आले की तुमच्याशी मोजकंच बोलायचे, आणि तुम्ही त्यालाही व्हय म्हणायचात.

आता तुम्ही नाही आहात, तरी एवढंच कळायला हवंय, की त्या दिवशी माझा आवाज तुमच्यापर्यंत आला होता का. सोळा वर्षांच्या पोरीचा आवाज, बारीकच असणार. आला नसेल, तर तुम्ही मला फसवलं नाहीत. मी विचारलंय हेच तुम्हाला कधी कळलं नाही. कळलं असतं तर काय म्हणाला असतात, ते ऐकायला आज मी काय वाटेल ते देईन.

हा कागद पुस्तकातच राहू द्यावा असं मनात होतं, पण ते शनिवारी परत करायचंय. त्यात आणखी एक गोष्ट लिहिलीय. असं कमी ऐकू येणारा माणूस समोरच्याचे ओठ बघून बरंच समजून घेतो. ते वाचलं आणि आठवत बसले, मी बोलले तेव्हा तुमचं तोंड कुणीकडं होतं. आठवत नाही, अण्णा. पण हल्ली तो ओटा डोळ्यांपुढं आला की तुम्ही सायकलवर वाकलेले असता, पाठ माझ्याकडं. तसं तुम्हाला मीच बसवलंय.