फक्त डोकी, चेहरे नाहीत

प्रिय बारक्या,

फोन उचलत नाही म्हणून रुसू नकोस. या खेपेला रुसायचा हक्क माझा आहे.

आपली बायकांच्या आरोग्याची वेबसाइट सुरू झाली ते दिवस आठवतात? मजकूर माझा, यंत्रणा तुझी. साइट उघडताच परवानगी विचारणारी पाटी यायची, तिच्यावर निम्म्या बायका ‘नोंद ठेवू नका’ दाबायच्या, त्यामुळे कुठलं पान किती वाचलं जातं तेच कळेना. साइट चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई वैतागल्या. तू माझ्या ओट्यावर बसून, शेंगदाण्यांचा डबा रिकामा करत तोडगा काढलास: नाही म्हणणाऱ्यांची नुसती संख्या धरायची, कोण ते बघायचंच नाही. मी पाटीवरचं वाक्य एका दमात लिहून काढलं, ‘नाही म्हणालात तर आम्ही फक्त डोकी मोजू, चेहरे पाहणार नाही.’ लहानपणी ज्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, तो इतक्या जणींची गुपितं सांभाळणार, याचं मला केवढं कौतुक!

आणि गेल्या मंगळवारी तुझा फोन. इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलंस, ती गाठ दाखवलीस का कुणाला. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, घरात यांनासुद्धा नाही. मीच लिहिलेलं गाठीचं पान तेवढं चार दुपारी उघडलं होतं, आणि दर वेळी ‘नाही’ दाबलं होतं.

मग आढेवेढे घेत कबूल केलंस. संख्येबरोबर तू प्रत्येकीच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांकही ठेवत होतास. माझी जोडणी तूच करून दिलेली, क्रमांक तुझ्या ओळखीचा. काळजीपोटी पाहिलं म्हणालास. असेल. पण केसानं गळा कापलास रे! माझ्या शब्दावर विसंबून ज्यांनी ‘नाही’ दाबलं, त्या सगळ्यांशी मी खोटं बोलले. डॉक्टरीणबाईंना मी सारं सांगितलंय. पत्र मिळेल त्याच दिवशी ती यादी पूस. नाहीतर पाटीवरचं माझं वाक्य मी काढून टाकीन आणि तिथं कारणही लिहीन.

तुझ्या फोननंतर गाठ तपासून घेतली, काल रिपोर्ट आला. गाठ वाईट आहे, सोमवारी ऑपरेशन. त्या चार दुपारी ते पान उघडून मी तुला कुठल्या शब्दांत सांगावं ते शोधत होते. सगळ्यांत आधी तुलाच सांगणार होते. ते सांगणं तू चोरलंस. म्हणून आज हातानं लिहितेय, तुला काहीच ठाऊक नाही असं समजून: बारक्या, मला गाठ झालीय, आणि मला फार भीती वाटते.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई